एकतीस नंबरचा फोटो

“हा फोटो कुणाचा?”

“माझा.”

क्लार्कनं अर्ज उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कोपऱ्यात डकवलेल्या फोटोवर बोट ठेवलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा बोटाखाली पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. चूक काचेची असावी, असं त्याला वाटलं असणार.

“कातरीन पास्कू सिद्दी?”

“होय सर.”

“मुक्काम?”

“हल्याळ. जिल्हा कारवार.”

“ते आत्ताचं झालं. मूळचं कुठलं म्हणतो मी. कुठल्या देशातनं आलात तुम्ही?”

“हल्याळातनंच, सर. सकाळच्या पहिल्या गाडीनं.”

बाकावर रांगेत बसलेल्या मुलींमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. बेळगावातल्या नर्सिंगच्या शाळेचा तो लांबोडका व्हरांडा होता. जागा बावीस, मुलाखतीला मुली चाळीस, माझा नंबर एकतीस. कैक पिढ्यांमागं आफ्रिकेतून आणलेल्या सिद्द्यांच्या आमच्या वस्तीत दहावी झालेली मी पहिली मुलगी. इथं नाव लागलं नाही तर मायबरोबर भटांच्या बागेत सुपारी सोलायला जायचं, हे घरात कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. सुपारीच्या चिकानं काळी पडलेली मायची नखं रोज ताटासमोर दिसत.

“गेल्या वर्षी एकीनं आपल्या मावसबहिणीला बसवलं मुलाखतीला,” क्लार्क म्हणाला. “तेव्हापासून मेट्रनबाईंची सक्त ताकीद आहे. फोटो जुळला नाही तर दार उघडायचं नाही.”

“पण सर, तो माझाच आहे.”

“अगं, मला डोळे नाहीत काय? ही गोरी आहे. केस कसे चापून बसलेत बघ. आणि नाक? नाक बघ की हिचं.”

त्यानं ‘नाक’ म्हटलं आणि एकोणचाळीस मुलींनी माझ्या नाकाकडं पाहिलं. मी हात वर नेला आणि अर्ध्यावरून पदराला लावला. साडी शेजारणीची होती, आणि केस मायनं पहाटे तेल थापून नऊ पिनांनी डोक्याला घट्ट बसवले होते. पिना टोचत होत्या. आता एकाएकी सगळ्याच टोचायला लागल्या.

क्लार्क माणूस वाईट नव्हता. त्यानं वाट काढून दिली. बाकाच्या अगदी टोकाला, अर्धं अंग बाहेर ठेवून माय बसली होती, मांडीवर भाकरीचं गाठोडं. त्यानं तिला बोलावलं.

“बाई, तुम्ही आई ना हिची? हा फोटो तुमच्या मुलीचाच आहे ना? होय म्हणा आणि इथं अंगठा उठवा. मी लिहितो, आईनं ओळख पटवली. माझंही काम झालं, तुमचंही.”

मायनं गाठोडं काखेत धरलं आणि फोटोवर वाकली. तो फोटो मी घरी दाखवला नव्हता. ती पहिल्यांदाच बघत होती. खूप वेळ बघत होती. मी मनात म्हणत होते, म्हण, माय, होय म्हण.

“न्हय,” माय म्हणाली.

“काय न्हय?”

“ही माझी नव्हे.”

*

त्या फोटोतली मुलगी मी तीन संध्याकाळी बसून घडवली होती.

दहावीनंतर हल्याळच्या होनगेकर मास्तरांच्या फोटो स्टुडिओत मी कामाला लागले, ती झाडलोट करायला. एक दिवस मास्तरांनी मला दिव्याची काच पुसताना पाहिलं आणि म्हणाले, “तुझा हात हलत नाही गं. बस इथं.” आणि त्यांनी मला रीटचिंगच्या टेबलाशी बसवलं. उतरत्या फळीत एक दुधी काच बसवलेली, तिच्याखाली आरसा. आरशावरून खिडकीचा उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर बारीक बारीक टिपके भरायचे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी काचेवर एक लग्नाची मुलगी ठेवली. तोंड काळंभोर, केस कापसासारखे पांढरे, बुबुळं पांढरी. मला हसूच आलं.

“मास्तर, ही आमच्यातली?”

“येडी काय? तेलाच्या गिरणीवाल्यांची थोरली ती. कागदावर आली की बघ.”

“आणि हिला उजळ करायची म्हणजे काय करायचं?”

“आणखी काळी करायची. काचेवर जितकी काळी करशील तितकी कागदावर गोरी निघंल.”

मी काळी करत गेले. स्थळं बघायला पाठवायचे फोटो असत. ‘दोन पायऱ्या उजळ’ हा मास्तरांचा नेम, मुलगी गोरी असली तरी एक पायरी ठरलेली. माझ्या हाताखालून आसपासच्या तीस-चाळीस गावांच्या मुली उजळून गेल्या. एकदा एका मुलीची आई मला टेबलाशी बघून दारातच थबकली.

“अगोबाई, मास्तर, हिच्या हातात देतायसा? हिचा रंग लागंल की पोरीला!”

“काळजी नको वहिनी,” मास्तर म्हणाले. “अख्ख्या हल्याळाला गोरं करणारी हीच की.”

सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी हसायचं असतं, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. मागच्या बाकावरची पोरं माझ्या केसांत पेन्सिल खोचून ती पडते का बघायची. पडायची नाही. तेव्हाही मी हसायचे, आणि पेन्सिल काढून परत द्यायचे.

नर्सिंगचा अर्ज भरायचा झाला तेव्हा मास्तरांनी स्वतः माझा फोटो काढला. निगेटिव्ह धुऊन झाली आणि ती उजेडाला धरून म्हणाले, “तोंड काही आलं नाही गं. तुमचं असंच यायचं. घे हातानं सावरून.”

काचेवर ठेवली तर खरंच, चेहऱ्याच्या जागी नुसती नितळ पोकळी. डोळ्यांचे दोन ठिपके आणि दात, एवढंच.

पहिल्या संध्याकाळी मी डोळ्यांखालची सावली काढली. ती सगळ्यांचीच काढतात. मग कपाळ थोडं वर आणलं. कपाळ उजळलं तर गाल मागं पडले, म्हणून गाल घेतले. दुसऱ्या दिवशी नाक. नाकाच्या दांड्यावर एक उजेडाची रेघ आणि दोन्ही नाकपुड्या बाजूनं भरून घेतल्या की नाक बारीक निघतं, हे मी दुसऱ्यांच्या मुलींवर शिकले होते. नाक बारीक झालं तर ओठ फार मोठे दिसायला लागले. ओठांची कड आत घेतली. तिसऱ्या दिवशी केस उरले. पिना लावूनही ते डोक्याभोवती फुललेले होते, एकेका वळ्याची कड वेगळी. ती कड मी टिपक्याटिपक्यानं भरत गेले, ती मागच्या भिंतीत विरून जाईपर्यंत. हात हलत नव्हता, पण थांबतही नव्हता. एक गोष्ट नीट केली की शेजारची चुकीची दिसायची. ती केली की तिच्या शेजारची.

कागदावर छापून आली तेव्हा मी तिच्याकडं बघत राहिले. मी तिला ओळखत नव्हते. पण मुलाखतीला जायचंच, तर तिनं जावं, असं मला वाटलं.

“वा!” मास्तर म्हणाले. “आता कोण नाही म्हणतंय बघू.” त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं.

ओळखीची म्हणून शाळेच्या हेडमास्तरांनी फोटोवर न बघता सही ठोकली.

*

“मीच केलंय सर,” मी क्लार्कला म्हणाले. “पेन्सिलीनं.”

“काय केलंयस?”

“तोंड.”

आता बाकावर कुणीच हसलं नाही. क्लार्कनं अर्ज बाजूला ठेवला.

“हे बघ. तू खरं बोलतेयस की खोटं, ते बघायचं माझं काम नव्हे. खरा फोटो घेऊन ये, मी हा काढून तो चिकटवतो. मेट्रनबाई दोनला मुलाखती आटपून उठतात. तुझा नंबर मी शेवटी ठेवतो. दोनच्या पुढं एक मिनिट झालं तरी यादी बंद.”

समोरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

आम्ही बाहेर पडलो. मी पुढं, माय चार पावलं मागं. ऊन पांढरंफेक होतं. पहिल्या स्टुडिओत एक पोरगेला माणूस काउंटरवर डबा खात होता. म्हणाला, उद्या सहाला मिळेल. दुसरा बंद. तिसऱ्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, “सर्कशीतल्या काय?” म्हणाला, आणि मग उद्या संध्याकाळ. मी जवळजवळ पळत होते. रस्ते ओळखीचे नव्हते. एका चौकातून दोनदा गेले. मागं मायच्या चपलांचा आवाज येत होता, फट् फट्, ना जवळ ना लांब.

शेवटी मी थांबले आणि वळले.

“होय म्हणाली असतीस तर काय झालं असतं? एक अंगठा, माय! एक अंगठा. आत्ता मी आत बसले असते.”

“तू दिसलीस न्हाय गो मला त्यात. दिसली न्हाय तर काय सांगू?”

“पण होते की मीच!”

रस्त्याकडेला एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर माय टेकली. मी उभीच राहिले. घड्याळ कुठं दिसतंय का बघत होते.

“नाक कसं केलंस?” तिनं विचारलं.

“काय?”

“नाक. कसं बारीक केलंस?”

“बाजूनं भरायचं. आणि मधून एक रेघ द्यायची.”

“किती वेळ लागला?”

“तीन संध्याकाळ. सगळ्याला मिळून.”

“तीन संध्याकाळ तोंडाकडं बघत बसलीस,” माय म्हणाली. “आणि ठेवण्यासारखं काय गावलं न्हाय तुला?”

एक टांगा गेला. माय बोलत राहिली, रस्त्याकडं बघत.

“ते नाक माझ्या बापाचं. ओठ माझं. आमच्या घरात आरसा कुठला? भटांच्या घरात होता, पण आतल्या खोलीत, तिथं आमी जात न्हवतो. मी कशी दिसते ते मला ठाऊकच न्हवतं गो. लोक सांगायचे तेवढंच. तू जन्मलीस, मोठी झालीस, तवा समजलं. अगं, अशी हाय होय मी, म्हटलं. बरी हाय की.” तिनं गाठोड्याची गाठ उगाच सोडून परत बांधली. “आणि तू मलाच पुसून काढलंस त्यातनं. मग तो क्लार्क म्हणतो, तुमचीच ना. कशी म्हणू?”

*

कोर्टासमोर मिनिट कॅमेरेवाला बसतो, असं एका पानवाल्यानं सांगितलं. लाकडी खोकं, तीन पाय, मागं काळी बाही. त्या बाहीतून हात घालून आतल्या आतच कागद धुवायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत फोटो हातात द्यायचा. अर्जदार, साक्षीदार, जामीन द्यायला आलेले, सगळ्यांचे फोटो हा एकटा काढायचा. लतीफभाई त्यांचं नाव. दाढी मेंदीनं लाल, बोटं औषधानं पिवळी.

“बसा बेटी.” त्यांनी कोर्टाच्या कंपाउंडला टांगलेल्या काळ्या पडद्यासमोरचं स्टूल दाखवलं. तिथंच एका खिळ्याला आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा. “थोडी पावडर लावणार? सगळ्याच लावतात.”

मी डब्याकडं पाहिलं. माय माझ्याकडं बघत होती, हे मला न बघताही कळलं.

“नको,” मी म्हणाले.

त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं, “एक, दोन,” म्हणाले, झाकण लावलं. मग हात बाहीत गेला आणि आत पाण्याचा आवाज व्हायला लागला. आम्ही कंपाउंडच्या सावलीत थांबलो. कोर्टाच्या घड्याळात एक वाजून गेला होता.

“मीच घातलं तुझ्या डोक्यात,” माय एकदम म्हणाली.

“काय?”

ती गाणं म्हणत नव्हती, नुसती बोलली, पण चाल तिच्या आवाजात होतीच:

“न्हाऊ घालते लेकीला दुधावरल्या सायीनं,
उजळू दे पोर माझी, नवस केला मायीनं.”

ते गाणं मला पाठ होतं. अंगावर पाणी पडतानाची माझी पहिली आठवण तीच.

“हे आमचं गाणं न्हवं,” माय म्हणाली. “भटांच्या सूनबाईंच्या बाळंतपणात शिकले. त्या पोरीला न्हाऊ घालायला मी असायची. घरी येऊन तुला न्हाऊ घालताना तेच तोंडात यायचं. साय कुठली आमच्याकडं? पाण्यानंच न्हाऊ घातलं. पण गाणं म्हटलं. रोज म्हटलं. पोर ऐकतंय, हे कुठं ठाऊक मला.”

मी काही बोलणार तेवढ्यात लतीफभाईंनी खोक्यातून ओला कागद बाहेर काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

ती कागदाची निगेटिव्ह होती. पडदा पांढरा आला होता. साडी, कानातले, सगळं आलं होतं. आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. केस पडद्यात मिळून गेलेले. साडीवर एक कोरी जागा बसली होती.

“आलं नाही,” लतीफभाई म्हणाले. “बेटी, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं तोंड यंत्र धरत नाही. पण असं करू, मी ब्रशनं काढून देतो. डोळे, भुवया, नाक. छान काढतो मी. वकील लोकांना सुद्धा काढून दिलेत.”

माय सावलीतून पुढं आली. कोरा कागद माझ्या हातात होता. पाण्याचे थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते. मला वाटलं होतं मी रडेन. पण मी त्या कागदाकडं कामाच्या नजरेनं बघायला लागले. दोन वर्षं रोज जे बघत आले होते, तसंच. कोरं कधी राहतं? उजेड कमी पोचला की राहतं. वेळ कमी दिला की राहतं.

मास्तरांनीही दोनच मोजले होते. मास्तर सगळ्यांना दोनच मोजायचे. गिरणीवाल्यांच्या थोरलीला दोन पुरले म्हणून मलाही दोन. आणि उरलेलं मी तीन संध्याकाळ पेन्सिलीनं भरत बसले होते.

“लतीफभाई,” मी म्हणाले, “झाकण काढून तुम्ही दोन मोजता.”

“हां. वीस वर्षं दोनच मोजतो. कधी चूक नाही.”

“माझ्यासाठी सहा मोजा.”

“सहा? सहात बिघडतं बेटी, सगळं जळून जातं.”

“साडी जळू दे. तोंड येईल.”

त्यांनी दाढीत बोटं घातली. “तुला काय माहीत?”

“रीटचिंग करते मी. हल्याळात, होनगेकर मास्तरांकडं. आणि तो काळा पडदा काढा. काळ्यावर काळे केस कुठून दिसणार? मागची चुन्याची भिंत बरी.”

“माझा पडदा काढा म्हणते!” ते मायला म्हणाले. “मुलगी आहे की मुन्सफ?”

पण त्यांनी पडदा काढला. मी स्टूल उन्हातून सावलीत सरकवलं, भिंतीपासून हातभर पुढं. एका बाजूनं उजेड येत होता, दुसरी बाजू अंधारी होती. मला काहीतरी पांढरं हवं होतं. मी इकडं तिकडं पाहिलं.

“माय, ते फडकं सोड.”

भाकरीचं गाठोडं बापाच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं होतं, धुऊन धुऊन पांढरं झालेलं. मायनं भाकरी पानासकट लतीफभाईंच्या पेटीवर ठेवल्या आणि फडकं झटकलं.

“इथं उभी राहा, माझ्या डाव्या अंगाला. दोन्ही हातांनी ताणून धर. ऊन ह्याच्यावर पडून माझ्यावर आलं पाहिजे. थोडं खाली. थोडं वळव. हां.”

ऊन फडक्यावर पडलं आणि परतून माझ्या गालावर आलं. मला ते उबेसारखं लागलं. मायनं मान पुढं काढून माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, “थांब.” फडकं एका हातात धरून तिनं दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यातल्या पिना काढायला सुरुवात केली. एक, दोन, सगळ्या नऊ. त्या तिनं आपल्या तोंडात धरल्या. केस हळूहळू वर आले. डोक्याचं ओझं उतरल्यासारखं झालं.

“हलायचं नाही,” लतीफभाई म्हणाले. “सहा म्हणजे लांब असतं बेटी. श्वास धर.”

झाकण निघालं.

“एक.”

समोर भिंग होतं, त्यात एक छोटंसं उलटं कोर्ट.

“दोन.”

इथं मी नेहमी संपायचे. पुढचं मला माहीत नव्हतं.

“तीन.”

माय पिना तोंडात धरून उभी होती. फडकं तिनं ताठ धरलं होतं.

“चार. पाच.”

“सहा.”

मायनं पिना तोंडातून काढून पदराला खोवल्या. आम्ही भाकरीचा एकेक तुकडा खाल्ला, लतीफभाईंनाही दिला. त्यांनी बाहीतून हात न काढता तोंड पुढं केलं, मायनं घास भरवला. कागद बाहेर आला. साडी खरंच जळली होती, नुसती सपाट. पण तिच्या वर, त्या उलट्या चेहऱ्यात, बारीक राखाडी रेघा भरून आल्या होत्या. लतीफभाईंनी तो कागद समोरच्या पट्टीवर लावून त्याचा पुन्हा फोटो घेतला, धुतला, आणि सुलटा फोटो फडक्यानं टिपून माझ्या हातात दिला.

केसांचा प्रत्येक वळा भिंतीवर वेगळा उमटला होता. नाक रुंद होतं, त्याच्या दांड्यावर खरा उजेड होता. ओठांच्या कडा होत्या तिथंच होत्या. हनुवटीवर लहानपणी विहिरीच्या काठावर पडल्याची खूण मी विसरूनच गेले होते, तीही आली होती.

“आली की,” लतीफभाई म्हणाले. मग जरा वेळानं, स्वतःशीच, “वीस वर्षं दोन मोजतोय.”

मायनं फोटो घेतला, आणि बोट फिरवलं नाही, नुसतं बघितलं.

“चल,” ती म्हणाली. “दोन वाजतील.”

*

आम्ही पोचलो तेव्हा घड्याळात दोनला नऊ मिनिटं कमी होती. व्हरांड्यात मुलाखत झालेल्या चार-पाच मुलीच उरल्या होत्या. क्लार्कनं नवा फोटो घेतला, चष्म्याखालून एकदा पाहिला.

“हां. ही तू.”

त्यानं ब्लेडनं जुना फोटो सोडवला, नव्याच्या मागं डिंक लावला, मुठीनं दाबला. मायचा अंगठा खाली उठवून घेतला. जुना फोटो त्याच्या हातात राहिला. तो थोडा वेळ त्याच्याकडं बघत होता. कागद वाया जाताना बघवत नाही काहींना, तसा.

“खरं सांगू काय?” तो मायला म्हणाला. “बाई, राग मानू नका. पण मुलगी ह्यात जास्त बरी दिसत होती.”

मायनं शाईचा अंगठा भाकरीच्या फडक्याला पुसला.

“दिसत असंल बाबा,” ती म्हणाली. “पण ती काय आली न्हाय. ही आली.”

क्लार्क हसायला गेला आणि हसला नाही. जुना फोटो त्यानं टाचणीच्या डबीखाली सरकवला.

“एकतीस!” आतून हाक आली.

यादीत माझं नाव सतरावं लागलं, ते आठ दिवसांनी. त्या क्षणी मी फक्त दारापर्यंत गेले आणि का कोण जाणे, वळून पाहिलं. माय बाकाच्या टोकाला नव्हती बसली. ती मधोमध बसली होती, खिडकीखाली, चेहरा उजेडात. शहरातल्या मुली दोन्ही बाजूंना, आणि ती कुणाकडं न बघता पाठ ताठ करून. मेट्रनबाईंना आता कोण दिसणार आहे, ते मला तिथून नीट दिसलं.

मी केस तसेच ठेवले आणि आत गेले.